मोंबासा ते सुस्वा : चिनी रुळांवरून केनिया

सोमवार, मोंबासा

चीन आणि आफ्रिका यांच्याविषयी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यात बहुधा दोनच पात्रे असतात: कर्जाचा गळ टाकून बसलेला चीन आणि त्या गळाला लागणारा भाबडा आफ्रिकी देश. मला या कथेत न दिसणारे केनियन लोक पाहायचे होते, म्हणून प्रवासाची आखणी मी चीनने बांधलेल्या रेल्वेमार्गावरूनच केली. मोंबासाहून निघून नैरोबीमार्गे रिफ्ट खोऱ्यातील सुस्वापर्यंत जाणाऱ्या या स्टँडर्ड गेज रेल्वेला तेथे लहानथोर सगळे ‘एसजीआर’ म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत मोंबासात उतरलो तेव्हा कोकणातल्या मे महिन्यासारखा उकाडा होता.

पोर्तुगिजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधलेल्या फोर्ट जीझसच्या संग्रहालयात चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या थाळ्या मांडलेल्या आहेत. या किनाऱ्यावरील जुन्या स्वाहिली वस्त्यांच्या उत्खननांत अशी भांडी विपुल सापडली. पंधराव्या शतकाच्या आरंभी मिंग दरबाराचा नौसेनापती झेंग हे याचे ताफे मालिंदीपर्यंत पोचले होते आणि १४१५ मध्ये मालिंदीहून एक जिराफ चीनच्या सम्राटाकडे भेट म्हणून गेला. चिनी मुत्सद्दी ही हकीकत आवर्जून सांगतात. आम्ही आलो, व्यापार केला, निघून गेलो, किल्ले बांधले नाहीत, असा तिचा मथितार्थ असतो आणि फोर्ट जीझसच्या तोफांशेजारी उभे राहून ती ऐकली की पटतेही. मात्र या थाळ्यांपैकी बहुतेक झेंग हेच्या जहाजांतून आलेल्या नाहीत. त्या अरब, इराणी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातांतून बंदराबंदरांवर उतरत येथवर पोचल्या, हे या कथेत सहसा येत नाही.

बंदर पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. २०१६ मध्ये सुरू झालेले दुसरे कंटेनर टर्मिनल जपानी कर्जातून उभे राहिले, तर २०२२ चे किपेवू तेल टर्मिनल चिनी ठेकेदाराने बांधले असले तरी पैसा केनियाच्या बंदर प्राधिकरणाचा होता. म्हणजे एकाच खाडीत जपानी कर्ज, चिनी बांधकाम आणि केनियन तिजोरी अशी सरमिसळ आहे, आणि कोणत्या कामाला कोणाला बोलवायचे हे नैरोबीतील सरकारच ठरवत आलेले आहे.

संध्याकाळी चांगाम्वे भागात एका ट्रकमालकाची गाठ पडली. भज्यांसारखीच पण बटाट्याची, ‘भाजिया’ नावानेच विकली जाणारी बशी पुढे ठेवून त्यांनी २०१९ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी सरकारने फर्मान काढले की मोंबासात उतरलेला नैरोबीकडचा आणि देशाच्या आतील भागांकडचा माल रेल्वेनेच गेला पाहिजे. मोंबासाचे ट्रकवाले, क्लिअरिंग एजंट, गोदामवाले आणि महामार्गावरील खानावळी यांच्या पोटावर पाय आला, रस्त्यावर मोर्चे निघाले. त्यांच्या स्वतःच्या सहा ट्रकांपैकी चार त्या काळात विकले गेले. चीनवर राग नाही का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “गाडी चीनची आहे, पण माल तिच्यावरच चढवा हा हुकूम काही बीजिंगहून आला नव्हता.” विल्यम रुटो यांनी १३ सप्टेंबर २०२२ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी मालाची जकात-सोडवणूक पुन्हा मोंबासात आणण्याचे जाहीर केले. किनारपट्टीवरील मतांचे त्यात मोठे कारण होते, हे सांगायला कोणी राजकीय पंडित लागत नाही.

मंगळवार, मोंबासा ते नैरोबी

मिरितिनी येथील टर्मिनस शहरापासून बरेच दूर आहे आणि रेल्वे स्थानकापेक्षा विमानतळासारखे अधिक वाटते. आत जाण्यापूर्वी सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर एका रांगेत ठेवायच्या, प्रवाशांनी मागे सरकायचे, मग कुत्रे त्या हुंगत जाणार, आणि त्यानंतर पुन्हा यंत्रातून तपासणी. तिकीट एम-पेसाने, म्हणजे तेथल्या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सोयीने, काढता येते. साध्या वर्गाचे भाडे १,५०० शिलिंग, म्हणजे सुमारे हजार रुपये. २०२४ च्या आरंभी ते १,००० वरून वाढवले गेले. मी मुद्दाम सकाळची, वाटेतल्या स्थानकांवर थांबणारी गाडी घेतली. प्रत्येक स्थानकावर गणवेशातील कर्मचारी गाडी हलेपर्यंत ताठ उभे राहतात. ही शिस्त चिनी प्रशिक्षणातून आली, पण आता डब्यांतले आणि इंजिनातले बहुतेक लोक केनियन आहेत. आरंभीची काही वर्षे संचालन मार्ग बांधणाऱ्या चिनी कंपनीच्या उपकंपनीकडे होते आणि ते टप्प्याटप्प्याने केनिया रेल्वेकडे आले. दरम्यान २०१८ मध्ये केनियन कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या दुजाभावाच्या वागणुकीवर तेथील वर्तमानपत्रांनी जोरदार आवाज उठवला होता.

मोंबासा-नैरोबी हा ४७२ किलोमीटरचा मार्ग ‘चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशन’ने बांधला आणि ३१ मे २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवशी केनियाचा मदाराका (स्वशासन) दिन असल्यामुळे गाडीचे नाव ‘मदाराका एक्स्प्रेस’ पडले. खर्च सुमारे ३.६ अब्ज डॉलर, त्यातला जवळजवळ ९० टक्के चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून आणि उरलेला केनियाचा. केनियाने आपल्या वाट्यासाठी २०१३ पासून आयात मालावर दीड टक्क्याचा रेल्वे विकास अधिभार लावला. एक्झिम बँकेचे कर्जही एकच नव्हते. साधारण अर्धे २ टक्के व्याजाचे सवलतीचे होते, तर उरलेले व्यापारी दराचे, सहा महिन्यांच्या लायबॉरवर (लंडनच्या बँकांमधील आपसांतल्या व्याजदरावर) ३.६ टक्के अधिक अशा भावाचे. डॉलरचे व्याजदर वर चढले तसा या दुसऱ्या भागाचा हप्ताही चढला. टीकाकार शेजारच्या इथिओपियाकडे बोट दाखवतात, कारण चिनी कंपन्यांनीच त्याच सुमारास बांधलेला अदिस अबाबा-जिबूती हा साडेसातशे किलोमीटरचा विजेवर चालणारा मार्ग चार अब्ज डॉलरच्या आसपास झाला, आणि केनियाचा मार्ग तर अजून डिझेलवर आहे. भूभाग, पूल आणि भूसंपादनाचे दर वेगळे असल्यामुळे ही तुलना नेमकी नाही, पण सरकारने तिला कधी समाधानकारक उत्तर दिल्याचे मला आढळले नाही.

मारियाकानीनंतर गोरखचिंचेची बुंधेल झाडे दिसू लागतात आणि व्होईच्या अलीकडे माती गर्द तांबडी होते. त्सावोच्या अभयारण्यातून मार्ग उंच भरावावरून जातो. खालून हत्ती-जिराफांसाठी बोगदे ठेवले आहेत, आणि त्या तांबड्या मातीत लोळून विटकरी रंगाचे झालेले हत्ती मी खिडकीतून पाहिले. अधूनमधून शेजारी जुना मीटर गेजचा मार्ग दिसतो. १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी तो बांधला तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणले होते, त्यांतले बहुतेक पंजाबचे, आणि अडीच हजारांच्या आसपास येथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी मजुरांचे बळी घेतले ही कथा जगभर गाजली. रोगराईने गेलेल्यांची संख्या तिच्या कितीतरी पट होती, पण त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. त्या मार्गाचा खर्च ब्रिटिश करदात्यांनी सोसला आणि त्याचा निर्णय लंडनच्या पार्लमेंटात कडाक्याच्या भांडणानंतर झाला. या नव्या मार्गाचा निर्णय स्वतंत्र केनियाने घेतला आणि त्याची किंमतही केनियन माणूसच मोजणार आहे. दोन्ही रेल्वेंना सरसकट ‘वसाहतवादी’ म्हणणाऱ्यांनी एवढा फरक तरी लक्षात घ्यायला हवा.

समोरच्या बाकावर एक तरुणी होती. तिने नैरोबी विद्यापीठाच्या कन्फ्यूशियस संस्थेत चिनी भाषा शिकली होती (२००५ मध्ये सुरू झालेली ही आफ्रिकेतील पहिली अशी संस्था) आणि आता ती एका रस्तेबांधणीच्या कामावर दुभाषी होती. मुकादम चिनी, गवंडी आणि मजूर केनियन, आणि मधल्या भांडणांचा निवाडा तिच्या जिभेवर. चिनी साहेब शिव्या देतो तेव्हा तू त्या भाषांतरित करतेस का, या माझ्या प्रश्नावर ती हसून म्हणाली, “पगाराच्या दिवशी नाही करत.” तिच्या मते तक्रारीचे खरे कारण जादा वेळ कामाचे पैसे हेच असते. रंगाचा प्रश्न असतो, पण तो पैशाच्या मागून येतो. म्टिटो आंदेईला, जेथे पूर्वी प्रत्येक ट्रक आणि बस जेवायला थांबत असे, तेथे फारसे कोणी उतरले नाही.

बुधवार, नैरोबी

स्योकिमाऊच्या टर्मिनसवरून शहरात जायला जुन्या मीटर गेजवरची छोटी गाडी असते, पण काल सामान असल्याने आम्ही टॅक्सीने नैरोबी एक्स्प्रेसवेवरून आलो. मलोलोंगोपासून वेस्टलँड्सपर्यंत २७ किलोमीटरचा, बराचसा खांबांवर उचललेला हा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला. तो कर्जाने बांधलेला नाही. चिनी कंपनीने स्वतःचा पैसा घातला आणि २७ वर्षे टोल वसूल करून ती तो परत मिळवणार आहे. मोठ्या कर्जांना हात आखडता घेतल्यावर चीनने धरलेली ही नवी वाट आहे. वरच्या रस्त्यावरून टोल भरू शकणाऱ्यांच्या गाड्या जातात आणि खालच्या मोंबासा रोडवर मटाटू, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसगाड्या, पूर्वीइतक्याच तुंबून उभ्या असतात.

आजचा दिवस बाजारात घालवला. न्यामाकिमा भागात गल्लीभर फोन, चार्जर, कुलपे, प्लास्टिकची खेळणी, नळाचे भाग असा माल भरलेला असतो आणि तो झाडून सगळा चीनचा. येथील छोटे व्यापारी स्वतः ग्वांगझू आणि यीवूला जातात, किंवा पाचसात जण मिळून एका कंटेनरमध्ये जागा घेतात. २००९ मध्ये चीन आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार झाला तो नुसत्या खाणींच्या आणि तेलाच्या बळावर नव्हे; या गल्ल्यांतून जाणाऱ्या मालाचाही त्यात वाटा आहे. केनियाच्या बाबतीत तर पारडे फारच कललेले आहे. चीनकडून येणारा माल अब्जावधी डॉलरचा, उलट दिशेने चहा, कॉफी, खनिजे आणि २०२२ पासून ताजी अ‍ॅव्होकॅडो. बीजिंगमध्ये सप्टेंबर २०२४ च्या चीन-आफ्रिका सहकार्य मंचाच्या परिषदेत पुढील तीन वर्षांसाठी ३६० अब्ज युआनचे आश्वासन दिले गेले, पण येथल्या दुकानदारांना त्यातून आपल्याला काही मिळेल असे वाटत नाही.

त्यांना खरा धसका आहे तो चिनी किरकोळ दुकानदाराचा. २०२३ च्या आरंभी थिका रोडवर, केन्याटा विद्यापीठाच्या आवारातील मॉलमध्ये ‘चायना स्क्वेअर’ नावाचे भलेमोठे दुकान उघडले आणि न्यामाकिमातल्याच वस्तू तेथे निम्म्या किमतीत मिळू लागल्या. गिऱ्हाईक लोटले. व्यापाऱ्यांनी फेब्रुवारीअखेर शहरात मोर्चा काढला, एका मंत्र्याने दुकानाची जागा केनियन व्यापाऱ्यांना देण्याची भाषा केली आणि परराष्ट्र खात्याच्या सचिवांना गुंतवणूकदार कोणत्याही वंशाचा असला तरी त्याचे स्वागत आहे, असा खुलासा करावा लागला. दुकान काही दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाले. मी गेलो तेव्हा कुलपांच्या दुकानातील बाईंनी मला एक कुलूप दाखवले, आतल्या स्प्रिंगवर बोट ठेवले आणि स्वस्त व महाग प्रतीत फरक कसा ओळखायचा ते समजावले. त्या म्हणाल्या, “आम्ही चीनला जाऊन हे शिकलो. ते येथे येऊन आमचे गिऱ्हाईक शिकले.” त्यांच्या वडिलांच्या पिढीचे असेच भांडण एशियन, म्हणजे भारतीय वंशाच्या दुकानदारांशी होते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

गुरुवार, नैरोबी

सिटी पार्कच्या दफनभूमीत जाण्याचे कारण गोव्याचे होते. पियो गामा पिंटो आणि जोसेफ मुरुंबी यांच्या समाध्या येथे जवळजवळ आहेत. पिंटो नैरोबीत गोवेकर आईबापांच्या पोटी १९२७ मध्ये जन्मले, भारतात शिकले, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि स्वतंत्र केनियात खासदार झाल्यावर २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या दारातच गोळ्या घालून मारले गेले. मुरुंबींचे वडील गोवेकर, आई मासाई. ते बंगळूरला शिकले, केनियाचे परराष्ट्रमंत्री झाले आणि १९६६ मध्ये काही महिने उपराष्ट्राध्यक्षही होते.

चीन-केनिया संबंधांचा आरंभ याच माणसांच्या काळातला आहे. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि दोनच दिवसांनी चीनशी राजनैतिक संबंध जुळले. त्या हिवाळ्यात चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दहा आफ्रिकी देश फिरले, पण जानेवारी १९६४ मधील लष्करी बंडाळ्यांमुळे त्यांना केनिया गाळावा लागला. दौऱ्याच्या अखेरीस मोगादिशूत आफ्रिका क्रांतीसाठी पक्व झाल्याचे त्यांनी म्हटले आणि नुकतीच सत्ता हाती आलेल्या नेत्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. केनियाच्या नेत्यांत पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले ओगिंगा ओडिंगा बीजिंगकडे झुकलेले, तर देशाचे प्रमुख जोमो केन्याटा लंडनकडे. पिंटो पहिल्या गटातले. मे १९६५ मध्ये टांझानियातून युगांडाकडे चिनी शस्त्रे घेऊन निघालेला ट्रकांचा तांडा केनियन पोलिसांनी आपल्या हद्दीत पकडला आणि युगांडाचे पंतप्रधान मिल्टन ओबोटे यांना केन्याटांची समजूत काढायला नैरोबीला यावे लागले. १९६७ पर्यंत संबंध इतके बिघडले की दोन्ही बाजूंना राजदूत उरले नाहीत. तेच संबंध केन्याटांनंतरचे अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी ऐंशीच्या दशकात पुन्हा जुळवले आणि १९८७ च्या अखिल आफ्रिकी क्रीडास्पर्धांसाठी कसारानीचे स्टेडियम चीनच्या मदतीने उभे राहिले. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष म्वाई किबाकी यांनी पूर्वेकडे पाहण्याचे धोरण उघडपणे स्वीकारले, कारण पाश्चात्त्य कर्जदार प्रत्येक हप्त्याबरोबर अटींची यादी पाठवत. म्हणजे गेल्या साठ वर्षांत दार कधी उघडायचे आणि कधी लोटायचे हे केनियाने आपल्या सोयीने ठरवले आहे.

शुक्रवार, सुस्वा

स्योकिमाऊहून सुटलेली गाडी लगेच नैरोबी राष्ट्रीय उद्यानावरच्या पुलावर चढते. सहा किलोमीटरहून लांब या पुलाविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी लवादात दाद मागितली होती, तरी तो झाला. त्यानंतर न्गाँगच्या डोंगरातला साडेचार किलोमीटरचा बोगदा आणि बाहेर पडताच रिफ्ट खोरे. डब्यात आम्ही मोजके प्रवासी होतो. नैरोबी ते नैवाशा हा १२० किलोमीटरचा टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चून सुरू झाला, त्यालाही एक्झिम बँकेचेच कर्ज. सुस्वाच्या पुढे थोड्याच अंतरावर, दुका मोजा नावाच्या वस्तीजवळ, रूळ संपतात. भोवती मासाई लोकांची गुरे, झुडपे आणि धूळ.

मूळ बेत व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूपर्यंत आणि तेथून युगांडाच्या सीमेवरील मलाबापर्यंत जाण्याचा होता. एप्रिल २०१९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष उहुरू केन्याटा बीजिंगहून किसुमू टप्प्याचे कर्ज न घेताच परतले. मोंबासा-नैरोबी मार्गाची कमाई अपेक्षेइतकी नसल्याचे चीनला दिसत होते. कर्जाचा सापळाच रचायचा असता तर चीनने येथे आणखी कर्ज आनंदाने दिले असते, असा माझा साधा तर्क आहे. २०१८ च्या अखेरीस मोंबासा बंदर तारण ठेवल्याची ओरड उठली होती. रेल्वेला अमुक इतका माल देण्याची हमी बंदर प्राधिकरणाने दिली होती आणि लेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवले, इथवर खरे. पण बंदर गहाण नव्हते, हे पुढे करार तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले. आक्षेपार्ह गोष्ट वेगळीच आहे. करार वर्षानुवर्षे लपवून ठेवले गेले. रुटो यांच्या सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा काही भाग प्रसिद्ध केला, तोही निवडणुकीतील वचन म्हणून. ठेका निविदा न मागवता दिला गेला होता आणि अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये ती खरेदी बेकायदा ठरवली, तेव्हा गाड्या धावू लागून तीन वर्षे झाली होती; २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

माई माहिऊच्या कंटेनर डेपोत माल रेल्वेतून उतरवून पुन्हा ट्रकांवर चढवतात, किंवा लाँगोनोटजवळ जोडलेल्या जुन्या मीटर गेजवर. एका युगांडाच्या चालकाला मी यात वेळ किती जातो ते विचारले, तर त्याने उत्तराऐवजी आपल्या केबिनमधले अंथरूण, स्टोव्ह आणि मक्याच्या पिठाची पिशवी दाखवली.

शनिवार, आथी रिव्हर

मूळचे इचलकरंजीचे एक गृहस्थ येथे प्लास्टिकच्या कारखान्यात व्यवस्थापक आहेत, त्यांच्याकडे जेवायला गेलो. वहिनींनी उकाड्यात पिठले-भाकरी केली होती, भाकरी तेथल्या ज्वारीची. ते म्हणाले, “अहो, पूर्वी आमची मशिनं राजकोटहून यायची, आता चीनहून येतात. बिघाड झाला की तिकडचा मेकॅनिक व्हिडिओ कॉलवर दाखवतो.” काजियादोत चिनी मालकाने टाइल्सचा कारखाना घातला आणि आयात टाइल्सचे भाव पडले, पण वीज आणि कच्चा माल यांचे भाव सगळ्यांना सारखेच असल्यामुळे तिथल्या मालकाचीही रडकथा आपल्यासारखीच आहे, असेही त्यांनी सांगितले. केनियाच्या कर्जाविषयी त्यांचे मत सरळ होते: २०२४ च्या जूनमध्ये करवाढीविरुद्ध तरुण पोरे संसदेत घुसली, ती काही एकट्या चीनच्या कर्जापायी नव्हे. जागतिक बँक केनियाची सर्वांत मोठी सावकार आहे, युरोबाँडधारक, म्हणजे परदेशी बाजारात विकलेल्या रोख्यांचे मालक, वेगळेच. चीन देशादेशांतल्या कर्जांत पहिला असला तरी एकटा नाही.

आम्ही परतल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केनियाने रेल्वेची डॉलरमधली कर्जे युआनमध्ये बदलून घेतली आणि त्यामुळे वर्षाला सुमारे २१ कोटी ५० लाख डॉलर वाचतील असे अर्थखात्याने सांगितले. सुस्वाच्या पुढचा मार्ग किसुमू-मलाबापर्यंत नेण्याची बोलणीही त्या वर्षी पुन्हा सुरू झाली होती. पैसा उभारण्यासाठी रेल्वे विकास अधिभाराच्या पुढील वर्षांच्या उत्पन्नाचा आधार घेण्याचा बेत होता. न्यामाकिमातल्या बाई पुढच्या कंटेनरमधून कुलपे आणतील, तेव्हा त्यांच्यावरही तो अधिभार लागेल.